किनारा कोणाचा, म्हातारपण कोणाचे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेडणे तालुक्यातील एका गावी भरलेल्या सभेत आम्ही समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणावर बोललो. विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा होता, श्रोते आपुलकीचे होते, आणि वक्त्याला आपल्याच शब्दांची भूल पडावी अशी ती संध्याकाळ होती. किनारा हा कोणा एकाचा नव्हे. तो पूर्वजांनी आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे आणि नातवंडांच्या हाती ती जशीच्या तशी सोपविणे हे आपले कर्तव्य आहे, अशा आशयाचे बरेच काही आम्ही सांगितले. टाळ्या पडल्या. आम्ही समाधानाने घरी आलो.

चार दिवसांनी त्या सभेतील एक वृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांच्या अनुमतीने, आणि ओळखीच्या खुणा पुसून, त्यांची हकीकत येथे देतो. वय चौऱ्याहत्तर. उमेदीची वर्षे मुंबईच्या एका खाजगी पेढीत कारकुनी करण्यात गेली. तेथे निवृत्तिवेतनाची सोय नव्हती. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पत्नीच्या दीर्घ आजारात सरली. मुलगा आखातात, मुलगी बडोद्यास. उरले ते वडिलार्जित भाट: रस्त्यापासून समुद्रापर्यंत उतरत गेलेली सुमारे बारा हजार चौरस मीटर जमीन. रस्त्याच्या कडेला आंब्याफणसाची मोकळी जागा, तिच्यामागे घर व विहीर, पुढे माडांची राई, आणि शेवटी वाळूची टेकडी. त्या टेकडीवर केवडा आहे आणि मर्यादवेल पसरली आहे. शेळीच्या खुरासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची ही वेल पेरापेराला मुळे सोडते आणि उडती वाळू जागच्या जागी धरून ठेवते. समुद्राने कोठवर यावे हे ती सांगते, म्हणूनच आपल्या लोकांनी तिला हे नाव दिले असावे.

या जमिनीला मागणी आली होती. आकडा असा की त्यांच्या तीन पिढ्यांनी मिळून तेवढे पैसे पाहिले नसतील. घेणाऱ्याला रस्त्याकडे हॉटेल बांधावयाचे होते आणि हॉटेलातून समुद्र दिसावा म्हणून सगळा पट्टा एकदम हवा होता. टेकडीचे पुढे काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “वकीलबाब, किनारा सर्वांचा असे तुम्ही सभेत म्हणालात. मला ते पटले. माझे वडीलही हेच म्हणत. पण मग माझ्या बायकोच्या औषधाचा खर्च सर्वांनी का वाटून घेऊ नये? टेकडी राखल्याचे पुण्य गावाला, आणि तिची किंमत एकट्याने मी द्यायची, हा कोणता न्याय?”

आम्ही निरुत्तर झालो. सभेतल्या आमच्या भाषणात या प्रश्नाला जागाच नव्हती. आज जे लिहीत आहोत ते त्यांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम सोपी उत्तरे बाजूला सारू. एक उत्तर असे की जमीन ज्याची त्याची. त्याने ती विकावी, ठेवावी वा उधळावी, दुसऱ्याला विचारण्याचे कारण नाही. हे उत्तर ऐकावयास सरळ वाटते, परंतु किनाऱ्याच्या जमिनीला ते लागू पडत नाही. टेकडी सपाट केल्याचा परिणाम विकणाऱ्याच्या हद्दीत थांबत नाही. वाळूच्या पोटात जे गोडे पाणी साठून राहते त्यावर शेजाऱ्यांच्या विहिरी चालतात. उधाणाच्या लाटेचा पहिला आघात टेकडी झेलते म्हणून मागचे माड उभे राहतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा किनाऱ्यांवर अंडी घालावयास येणाऱ्या कासविणींना वाळू आणि अंधार दोन्ही लागतात. यांतले काहीही विक्रीखतात लिहिलेले नसते, आणि विक्रीखताने तेच सर्वांआधी जाते.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे: भूमी ही माता, ती विकू नये. हे वाक्य पवित्र आहे, पण ते उच्चारणारी व्यक्ती कोण हे एकदा पाहावे. ज्याला दरमहा निवृत्तिवेतन मिळते, ज्याची स्वतःची वडिलार्जित जागा केव्हाच सदनिकांत रूपांतरित झाली आहे, तो दुसऱ्याच्या मातेविषयी फार हळवा असतो. आम्ही त्या सभेत बोललो तेव्हा आमचीही गणना याच वर्गात होत होती. पणजी, बेळगाव, इंदूर वा बडोदे येथे स्थायिक झालेल्या ज्या घराण्यांचा किनाऱ्यावरील भाटात अविभक्त हिस्सा आहे, त्यांनीही स्वतःला हे विचारून पाहावे. सुटीत समुद्र पाहावयास यावे म्हणून जमीन राखली जावी असे सर्वांना वाटते. परंतु गावी राहून कुंपण घालणारा, पाडेल्याची मजुरी देणारा आणि पंचायतीचे खेटे घालणारा बहुधा एकच असतो, आणि तो म्हातारा होत असतो.

तिसरे उत्तर सरकारवर भार टाकण्याचे. कायदा आहे ना, मग मालकाने काय केले याला महत्त्व कशाला? कायदा खरोखरच आहे. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ साली तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर विकासवर्जित राहावेत हा मूळ दंडक. २०१९ पासून दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरांवर आला. वाळूच्या टेकड्यांना हात लावणे तर १९९१ पासूनच निषिद्ध आहे. इतके असूनही टेकड्या नाहीशा होतात, हे या किनाऱ्यावर फिरणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. याचे कारण साधे आहे. निषेध कागदावर राहतो. वाळूवर कोणीतरी उभे राहावे लागते. रात्री यंत्र आले तर त्याचा आवाज प्रथम शेजारच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्याला ऐकू येतो, सचिवालयाला नव्हे. तो म्हातारा परिस्थितीने जागा सोडून गेला म्हणजे कायद्याचा डोळाच गेला. म्हणून आम्ही असे म्हणतो की मालकाच्या उतारवयाची सोय आणि किनाऱ्याचे रक्षण हे दोन वेगळे विषय नाहीत. पहिले नसेल तर दुसरे फार काळ टिकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गृहस्थांपुढे दोनच वाटा आहेत असे त्यांनी गृहीत धरले होते: सगळे विकावे आणि सुखाने मरावे, किंवा सगळे राखावे आणि कष्टाने मरावे. हा समज आमच्या समाजात सर्वत्र आहे आणि त्याच्या मुळाशी मालकी ही एकसंध वस्तू आहे ही कल्पना आहे. वस्तुतः मालकी म्हणजे अनेक अधिकारांची मोळी. राहण्याचा अधिकार, नारळ काढण्याचा अधिकार, इतरांना मज्जाव करण्याचा अधिकार, बांधण्याचा अधिकार, विकण्याचा आणि मागे ठेवून जाण्याचा अधिकार: या काठ्या सुट्या करता येतात, आणि एकेक वेगळ्या हाती देता येते. म्हाताऱ्या माणसाला यांतल्या सर्वच काठ्या लागत नाहीत. त्याला छप्पर हवे, विहीर हवी, माडाचे उत्पन्न हवे आणि हयातभर कोणी उठवणार नाही ही खात्री हवी. त्याच्या पश्चात त्या जागी काय उभे राहील हा अधिकार त्याच्या नित्याच्या उपयोगाचा नाही. पण बाजार नेमकी त्याचीच सर्वांत मोठी किंमत मोजतो.

ही विभागणी गोव्याच्या कायद्याला परकी नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० साली लागू झाली, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या स्वतंत्र अधिनियमात आला आहे. या परंपरेत उपभोग आणि स्वामित्व वेगळे करण्याची रीत जुनी आहे. उपभोगाला आमचे वडीलधारे वकील पोर्तुगीज नावाने ‘उझुफ्रूतु’ म्हणत. उपभोग वजा जाता जे उरते त्याला त्या भाषेत मोठे चित्रमय नाव आहे, उघडी मालकी. आईबापांनी मुलांना घर दान द्यावे आणि स्वतःसाठी हयातीचा उपभोग राखावा, असे दस्तऐवज आमच्या कपाटात कित्येक सापडतील. मुलांना जे देता येते ते इतरांना विकताही येते. घेणारा आज पैसे देतो आणि वाट पाहतो. विकणारा आज पैसे घेतो आणि मरेपर्यंत तेथेच राहतो. मात्र या कायद्याने मालकाचे हात दोन ठिकाणी बांधले आहेत. पतिपत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक असल्याने पत्नीच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही, आणि मुले असतील तर संपत्तीचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. दान किंवा मृत्युपत्र उरलेल्या अर्ध्याच्या मर्यादेतच चालते. आम्हांस ही बंधने जाचक वाटत नाहीत. परोपकाराच्या उत्साहात माणसाने बायकोमुलांना विसरू नये, एवढेच ती सांगतात.

फ्रान्समध्ये याच कल्पनेला लागून वार्षिकीची रीत आहे. घेणारा एकरकमी किंमत न देता विकणाऱ्याला हयातभर दरमहा ठराविक रक्कम देतो. आर्ल गावच्या जान काल्माँ या बाईंची हकीकत प्रसिद्ध आहे. १९६५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी आपली सदनिका आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे या नोटरीला अशा रीतीने दिली; त्याने दरमहा २५०० फ्रँक द्यावयाचे ठरले. नोटरी १९९५ साली वारला. त्याच्या कुटुंबाने पैसे देणे चालू ठेवले. बाई १९९७ साली, १२२ वर्षांच्या होऊन, निवर्तल्या. तोवर सदनिकेच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम देऊन झाली होती. ही गोष्ट हसून सांगितली जाते, पण तिच्यात एक अप्रशस्त गाठ आहे. अशा व्यवहारात एकाचे दीर्घायुष्य हा दुसऱ्याचा तोटा होतो. जो आपल्या मरणाची वाट पाहतो त्याच्याच हातून दरमहा पैसे घेणे स्वाभिमानी माणसाला रुचणार नाही. म्हणून असा करार व्यक्तीशी न करता संस्थेशी करावा. संस्थेला पुष्कळ म्हाताऱ्यांशी व्यवहार असतो, कोणाच्या मरणाची तिला घाई नसते.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिसरी रीत रुळली आहे. तेथे मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो आणि फक्त बांधकामाचा अधिकार एखाद्या भूमिरक्षक संस्थेच्या वा सरकारच्या स्वाधीन करतो. तो अधिकार वापरण्यासाठी नव्हे, कोणीच वापरू नये यासाठी. मोबदला रोख मिळतो किंवा करात सूट मिळते. ज्याच्या लाभासाठी बंधन घातले जाते त्याच्याजवळ शेजारची जमीन असलीच पाहिजे, ही जुनी इंग्रजी अट तेथे अडचण करीत होती. ती दूर करण्यासाठी १९८१ साली सर्व राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. शिवाय राहत्या घराचा वा शेताचा हयातीपुरता उपभोग राखून उर्वरित स्वामित्व धर्मादाय संस्थेस देता येते, किंवा बाजारभावाहून कमी दराने विकून उरलेला भाग दान समजता येतो. अशा मार्गांनी मध्यम स्थितीतल्या वृद्धांनाही आपला किनारा राखून चार पैसे हाती ठेवता आले. पण तेथेही लबाडी शिरली. काही मंडळींनी भागीदाऱ्या उभारून फुगवलेल्या किमतींवर करसवलती उकळल्या, आणि २०२२ च्या अखेरीस काँग्रेसला त्यांना कायद्याने आळा घालावा लागला. तात्पर्य, रक्षणासाठी पैसा द्यावा हे खरे. पण तो देताना डोळे उघडे हवेत.

कोणी म्हणेल, परदेशांचे दाखले कशाला? मग घरचाच घेऊ. गोव्याच्या गांवकरीची व्यवस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीची. तिच्या चालीरीती १५२६ च्या फोरालमध्ये नोंदल्या गेल्या. गावची जमीन गावाची असे. ती विकली जात नसे, पावणी करून कसावयास दिली जाई. आलेल्या उत्पन्नातून देवस्थान, बांध आणि मानस यांचा खर्च वजा जाता जे उरे त्याचा वाटा गांवकरांना झोण म्हणून मिळे. खाजण राखणाऱ्या बांधाला उसंत नसते. एक वर्ष दुर्लक्ष झाले की खारे पाणी शेतात येते. हे ओळखून राखणदारीचा खर्च प्रथम काढावा आणि मग वाटणी करावी, हा नियम त्या लोकांनी घातला होता. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोष झाकू नयेत. झोण सामान्यतः पुरुष गांवकरांची होती. स्त्रिया आणि गावात राबणारे अनेक त्याबाहेर होते. तरीही तिच्यातले एक तत्त्व आम्हांस आजही मोलाचे वाटते: जमीन न विकता तिने माणसाला पोसावे, आणि जमीन राखण्याचा खर्च सर्वांच्या उत्पन्नातून निघावा.

येथे दोन शंका घ्यावयास हव्यात, कारण त्या आमच्याही मनात आल्या.

पहिली अशी की मेलेल्या माणसाने जिवंतांना का बांधून ठेवावे? आज टेकडीवर बंधन घातले तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या पिढीची गरज वेगळी असू शकेल. कायद्यालाही ही भीती आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, अनंतकाळासाठी मालमत्ता अडकवून ठेवणे निषिद्ध ठरवितो, आणि एकदा पूर्ण मालकी दिली की ती अमुक रीतीनेच भोगावी ही अट सामान्यतः निरर्थक मानतो. परंतु त्याच अधिनियमाने दोन दारे उघडी ठेवली आहेत. लोकहितासाठी, मानवजातीला उपकारक अशा हेतूने केलेल्या हस्तांतरणास अनंतकाळाविरुद्धचा नियम लागत नाही. आणि विकणाऱ्याने स्वतःकडे राखलेल्या दुसऱ्या जमिनीच्या हितासाठी विकलेल्या जमिनीवर बंधन घातले तर ते धरून राहते. नीतीच्या दृष्टीने आमचे उत्तर असे: राखणे आणि बांधणे यांचे पारडे समान नाही. राखलेली टेकडी पुढच्या पिढीला निर्णय घेण्याची मोकळीक देते. सपाट केलेली टेकडी तो निर्णय कायमचा घेऊन मोकळी होते. तरीही आम्ही हट्ट धरणार नाही. समुद्र स्वतःच हद्दी बदलीत असतो. म्हणून बंधन सैल करण्याचा अधिकार ठेवावा, पण तो एकट्या वारसाच्या लहरीवर न ठेवता सार्वजनिक निर्णयाच्या स्वाधीन असावा. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ साली आलेल्या दुरुस्तीने नेमके हेच केले आहे. समाजाने वा एकट्या व्यक्तीनेही स्वेच्छेने राखलेली खाजगी जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते; त्यानंतर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता यांवाचून तिचा वापर बदलता येत नाही. केरळात कडलुंडी नदीच्या मुखाशी २००७ साली असे क्षेत्र घोषित झाले.

दुसरी शंका अधिक बोचरी. कर्तव्याचा मोबदला मागणे हीच कर्तव्याची विटंबना नव्हे काय? टेकडी न तोडणे हे तर मालकाचे काम. त्यासाठी पैसे देणे म्हणजे चोरी न केल्याबद्दल बक्षीस देणे. आम्ही या शंकेचा आदर करतो, पण तिच्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. टेकडी न तोडणे हे कर्तव्य कायद्याने सर्वांवर आहे आणि त्याचा मोबदला कोणी मागू नये. पण कुंपण घालणे, वेल जगवणे, रात्री जागणे, आणि टेकडीमागे बांधता येण्याजोगी जमीनही बांधकामाविना ठेवणे, हे कर्तव्याच्या पलीकडचे आहे. तेवढे मागावयाचे तर मागणाऱ्याने काही द्यावे. १८९५ साली वेल्समधील बार्मथ येथील समुद्रावरचा दिनास ओले हा कडा फॅनी टॅलबट या बाईंनी नव्यानेच स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला दान दिला; त्या संस्थेची ती पहिली मिळकत. बाई सधन होत्या. दान देणारा प्रत्येक जण तसा असणार नाही हे त्या देशाने ओळखले, आणि १९६५ साली त्याच संस्थेने लोकांकडून वर्गणी जमवून किनारा विकत घेण्याची मोहीम सुरू केली. आमच्याकडे विनोबांना १९५१ साली पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. पुढे ते जमीनधारकाकडे सर्वस्व न मागता सहावा हिस्सा मागत, जणू आपण घरातला सहावा मुलगा. एकाकडे सर्वस्व मागण्यापेक्षा अनेकांकडे थोडे मागावे, हा त्यातला आम्हांस दिसलेला न्याय. किनाऱ्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो: किनाऱ्यावर राहणाऱ्याकडे सर्व मागतो आणि उरलेले सर्व जण टाळ्या देतो.

राज्यालाही या ऋणातून सुटका नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२, वारसास्थळे घोषित करण्याची मुभा देतो, आणि त्यामुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांना भरपाई देणाऱ्या योजना आखणे राज्य सरकारवर बंधनकारक करतो. म्हणजे राखणाऱ्याला पोसावे हे तत्त्व आमच्या संसदेने मान्य केलेले आहे. ते वाळूपर्यंत पोहोचवावयाचे आहे. वृद्धांना घर तारण ठेवून दरमहा रक्कम देणारी उलट्या गहाणाची योजना देशात २००७-०८ पासून आहे, पण ती राहत्या घरापुरती. माडाच्या राईवर किंवा वाळूच्या टेकडीवर तिच्यातून दमडी मिळत नाही.

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. दोन महिने कागद पाहून जी योजना आखली ती अशी. रस्त्याकडील आंब्याफणसाची जागा विकावी. ती २०० मीटरांच्या बाहेर आहे आणि तेथे घर बांधल्याने समुद्राचे काही बिघडत नाही. विक्रीखतात मागच्या राखलेल्या जमिनीच्या हितासाठी स्पष्ट बंधने असावीत: उपसा घरगुती गरजेपुरता, उंची ठरलेली, टेकडीवरून वाट नाही. विक्रीची रक्कम कायद्यानेच पतिपत्नी दोघांची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीस व्याज मिळते. दोघांनी आपापले खाते उघडावे आणि उरलेल्या रकमेची वार्षिकी घ्यावी. घर आणि राई मुलांच्या नावे करावयाची असेल तर हयातीचा उपभोग राखूनच, आणि सांभाळाची अट दानपत्रात शब्दशः लिहूनच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाचे संरक्षण त्या अटीवर अवलंबून असते, आणि मायेपोटी ती गाळणारे आईबाप आम्ही रडताना पाहिले आहेत. राहिली टेकडी. तिची उघडी मालकी लोकहितासाठी नोंदणी केलेल्या न्यासाला अल्प किमतीत द्यावी, उपभोग दोघांच्या हयातीपर्यंत त्यांचाच.

गृहस्थांनी सर्व ऐकून घेतले. हॉटेलवाल्याच्या आकड्याच्या मानाने यात मिळणारी रक्कम फार कमी होती, हे आम्ही लपविले नाही. ते म्हणाले, “एवढ्यात आमचे भागेल. भागावे एवढेच मी मागत होतो.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “न्यास कोणाचा?”

पत्नीने संमती दिली. मुलीने पत्राने कळविले की टेकडीबद्दल तिची हरकत नाही. मुलाने तीन महिने उत्तर दिले नाही. नंतर कळविले की वडील हयात असेतो तो विरोध करणार नाही, पुढचे पुढे पाहील. त्याला आम्ही दोष देत नाही. परक्या देशात, स्वतःच्या म्हातारपणाची सोय नसताना, वडिलार्जित पैसा वाळूत राहिलेला पाहणे सोपे नसते. त्याचा प्रश्न हा त्याच्या वडिलांच्याच प्रश्नाची पुढची पिढी आहे. पुढच्या जागेचे विक्रीखत झाले. टेकडीचे मात्र अडले, कारण तिची किंमत देणारा न्यास अस्तित्वात नव्हता.

ज्या सभेत आम्ही भाषण केले होते तिच्या चालकांना आम्ही परत भेटलो आणि श्रोत्यांना पुन्हा बोलावण्याची विनंती केली. या वेळी भाषण केले नाही. गृहस्थांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत वाचून दाखविला आणि वर्गणीची वही पुढे ठेवली. पक्षकाराच्या मिळकतीशी वकिलाने स्वतःचा संबंध येऊ देऊ नये हा आमच्या व्यवसायाचा दंडक. म्हणून टेकडीच्या दस्तऐवजाचे काम त्याआधीच एका व्यवसायबंधूंच्या हवाली केले होते. मग वहीत पहिले नाव आमचे लिहिले. त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या नाहीत. सतरा नावे पडली. किंमत अजून पुरी झालेली नाही. वही गावच्या वाचनालयात ठेवली आहे.